बहात्तराने भागताना

मार्क वन जातीचं स्पिटफायर हे लढाऊ विमान नाकापासून शेपटीपर्यंत ९.१२ मीटर लांब होतं. त्याला ७२ने भागलं की १२.७ सेंटिमीटर येतात, आणि १/७२ स्केलच्या डब्यातले तुकडे जोडून तयार होणारं स्पिटफायर जवळपास तेवढंच भरतं. पंखांचा पसारा ११.२३ मीटर, भागून १५.६ सेंटिमीटर. इथवर सगळं शाळेतलं गणित. पण त्याच विमानाचा पत्रा मोजायला घेतला की गणित अडतं. खऱ्या विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. त्याला ७२ने भागलं तर उरतो मिलिमीटरचा सत्तरावा भाग, म्हणजे पोळ्या गुंडाळायच्या फॉइलइतका. किटमधलं प्लास्टिक मात्र साधारण एक मिलिमीटर जाड असतं, कारण फार पातळ ओतायला गेलं तर वितळलेलं पॉलिस्टायरीन साच्याच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच गोठतं. आता उलटा गुणाकार करा. त्या एक मिलिमीटरचा खऱ्या मापात होतो ७२ मिलिमीटरचा पत्रा. शर्मन रणगाड्याच्या हलचा, म्हणजे धडाचा, पुढचा पत्राही एवढा जाड नव्हता. असलं स्पिटफायर धावपट्टीवर जागचं हललंही नसतं.

स्केल मॉडेल करायचं म्हणजे मोठी वस्तू लहान करायची, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात लांबी, रुंदी आणि उंची या तीनच गोष्टी निमूटपणे लहान होतात. जाडी, वजन, रंग, लाकडाच्या रेषा, पाणी, चिखल, यांतलं काहीच भागाकाराला बधत नाही. या अडेलतट्टू मंडळींचं काय करायचं, कुठे खोटं बोलायचं आणि किती, हे ठरवण्यात मॉडेलरचं खरं कसब आहे. बाकी सगळं डब्यातल्या कागदावर क्रमांक घालून छापलेलंच असतं.

आधी हे आकडे आले कुठून ते पाहू, कारण त्यातही शास्त्र कमी आणि सोय जास्त. १/७२ म्हणजे एका इंचात सहा फूट. ब्रिटनमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्‌स’ नावाने लाकडी विमानांचे संच आले ते या मापाचे, आणि १९३६ साली ‘फ्रॉग’ कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने प्लास्टिकचे संच काढले तेही याच मापाचे. महायुद्धात या मापाला सरकारी मान्यताच मिळाली. १९४२च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेलं मागवली. पन्नास जातींची विमानं, प्रत्येकी दहा हजार. उद्देश होता आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे नुसत्या आकारावरून ओळखायला शिकवण्याचा. १/७२चं मॉडेल ३५ फुटांवर धरलं, तर ते जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. लाकडात कोरलेल्या आणि काळ्या रंगवलेल्या या मॉडेलांना पत्र्याच्या जाडीशी काही देणंघेणं नव्हतं. बाह्यरेषा बरोबर असली की काम झालं. मला तरी मॉडेलिंगच्या इतिहासातली ही सर्वांत प्रामाणिक मॉडेलं वाटतात.

युद्धानंतर प्लास्टिकचा जमाना आला तेव्हा स्केल हा प्रकार बराच काळ कोणी मनावर घेतला नाही. ब्रिटनच्या ‘एअरफिक्स’ने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकलं. अमेरिकेच्या ‘रेव्हेल’ने १९५३ साली ‘मिसूरी’ ही युद्धनौका काढली, तिचं प्रमाण १/५३५च्या आसपास. हा विचित्र आकडा कशामुळे? त्या काळी अनेक किटं खोक्यात मावतील अशी बेतत, आणि मग जे प्रमाण येईल ते येई. जाणकार याला आजही ‘बॉक्स स्केल’ म्हणतात.

रणगाड्यांच्या १/३५ची गोष्ट याहून गमतीची. जपानमधल्या शिझुओका शहरातली ‘तामिया’ ही मुळात लाकूड कापणारी कंपनी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने मोटरवर चालणारा जर्मन ‘पँथर’ रणगाडा काढायचं ठरवलं. आत मोटर आणि गिअर बसायला हवे, शिवाय बॅटऱ्याही मावायला हव्यात. त्या हिशोबाने हलची रुंदी ठरली. नंतर प्रमाण काढून पाहिलं तर ते १/३५च्या जवळ निघालं. मॉडेल खपलं, पुढचे रणगाडे त्याच मापात आले आणि जगभरच्या कंपन्यांनी तोच आकडा उचलला. आज इटलीत, चीनमध्ये, युक्रेनमध्ये जे रणगाडे प्लास्टिकमध्ये ओतले जातात, त्यांचं माप सहा दशकांपूर्वीच्या जपानी बॅटऱ्यांनी ठरवलेलं आहे. जहाजांचं १/७०० त्या मानाने रीतसर ठरलं. १९७१ साली शिझुओकाच्याच चार कंपन्यांनी, तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी यांनी, जपानी आरमार आपसांत वाटून घेऊन एकाच मापात आणि पाण्याच्या रेषेपासून वरचंच तेवढं काढायचं ठरवलं.

आता पुन्हा जाडीकडे. जाडी प्रत्यक्षात कमी करणं शक्य नसतं, म्हणून मॉडेलर फक्त जिथे ती दिसते तिथे कमी करतो. पंखाची मागची कड, चाकं आत जातात त्या खोबणीचे दरवाजे, धुराड्यांची तोंडं, कॉकपिटची किनार. या जागा आतल्या बाजूने कटरने आणि वॉटर पेपरने घासून घासून बारीक करायच्या. डोळा कड पाहतो आणि उरलेला पत्राही तेवढाच पातळ असणार असं गृहीत धरतो. वॉटर पेपर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. चारशे नंबरपासून सुरुवात करून दोन हजारपर्यंत चढायचं, आणि नावाप्रमाणे पाण्यात बुडवून वापरायचा, म्हणजे प्लास्टिकचा भुगा त्यात अडकून ओरखडे पडत नाहीत.

साच्याची आणखी एक अडचण आहे. पोलादी साचा दोन अर्ध्यांचा, आणि ते अर्धे सरळ रेषेत उघडतात. त्यामुळे विमानाच्या कुशीवरचे रिव्हेट छान उठतात, पण पाठीकडे आणि पोटाकडे वळताना ते पुसट होत जातात. तिथे ठसा खोल ठेवला तर तुकडा साच्यातून सुटायचाच नाही. आतल्या बाजूला तुकडा ढकलून बाहेर काढणाऱ्या पिनांच्या गोल खुणा राहतात. त्या नेमक्या कॉकपिटच्या भिंतीवर आल्या तर पुट्टी लावून बुजवायच्या. जोडणीला साधा गोंद चालत नाही. पातळ सिमेंट म्हणून जे बाटलीतून मिळतं ते खरं तर द्रावक असतं, ॲसिटोन किंवा तत्सम. ते दोन्ही कडा विरघळवतं आणि उडून जातं, मागे एकजीव झालेलं प्लास्टिक राहतं. जोड दाबून धरला की फटीतून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक दोरा वर येतो. तो खरवडायची घाई करू नये, पुरता वाळल्यावर पेपरने घासला की सांधा गायब होतो.

जिथे प्लास्टिक हात टेकतं तिथे पितळ येतं. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप देतात, नक्षीची फिल्म ठेवून प्रकाश पाडतात आणि उघडा राहिलेला भाग फेरिक क्लोराइडमध्ये खाऊ देतात. या पद्धतीला मॉडेलर ‘फोटो-एच’ म्हणतात. चेकोस्लोव्हाकियात १९८९ साली सुरू झालेली ‘एडुआर्ड’ ही कंपनी यातूनच मोठी झाली. कॉकपिटमधले पट्टे, रणगाड्याच्या इंजिनावरच्या जाळ्या, जहाजाचे कठडे, सगळं यात मिळतं. पण पितळही खोटं बोलतंच. जहाजाच्या कठड्याचा खरा नळ गोल असतो, तीनेक सेंटिमीटर व्यासाचा. १/७००मध्ये तो मिलिमीटरचा पंचविसावा भाग व्हायला हवा. पितळेची पट्टी त्याहून जाड असते आणि वर चपटी. तरीही असे कठडे लावलेली युद्धनौका न लावलेल्यापेक्षा जास्त खरी दिसते, कारण तिथे माणसं वावरत होती हे ते कठडे सांगतात.

वजनाचा हिशोब तर थक्क करणारा. लांबीला ३५ने भागलं की वजनाला ३५ने तीनदा भागावं लागतं, म्हणजे ४२,८७५ने. जर्मन ‘टायगर’ रणगाडा ५७ टनांचा, तेव्हा त्याचं १/३५ मॉडेल भरायला हवं एक किलो ३३० ग्रॅम. प्लास्टिकचं मॉडेल याच्या जवळपासही जात नाही. ‘यामातो’ ही जपानी युद्धनौका पूर्ण भारानिशी सुमारे ७२,८०० टनांची होती. १/७००ला भागाकार येतो फक्त २१२ ग्रॅम. त्या काळातली जगातली सर्वांत अवजड युद्धनौका आणि वजन पाव किलोच्याही आत.

हे वजन मॉडेलमध्ये नसलं तरी त्याचे परिणाम दिसावे लागतात, आणि इथेच नवखं काम ओळखू येतं. टायगरच्या पोलादी पट्ट्याची एकेक कडी जड, त्यामुळे वरच्या बाजूने जाणारा पट्टा चाकांवर रेलतो आणि चाकांच्या मधे झोळ खातो. जुन्या किटांत हा पट्टा रबरासारख्या विनाइलचा असे. टोकं जुळवून, तापवलेला स्क्रूड्रायव्हर दाबून जोडायचा. तो ताणला जाऊन चाकांवर तरंगायचा आणि ५७ टनांचा रणगाडा खेळण्यासारखा हलका दिसायचा. मग कोणी दोऱ्याने पट्टा खाली ओढून बांधे, कोणी चाकाच्या माथ्यावर सुपर ग्लूचा थेंब टाकून चिकटवे. आता एकेक कडी जोडायचे पट्टे मिळतात. ते काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळायची कुठलीही युक्ती नाही.

विमानांचं याच्या उलट. नाकाखाली चाक असलेलं मॉडेल अनेकदा शेपटीवर बसतं, म्हणून नाकात वजन भरावं लागतं. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे मणी यासाठी उत्तम. टायर जमिनीवर चपटे दाखवायची सध्या फॅशन आहे, ती मात्र माझ्या मते बहुधा अतिरेकी. लढाऊ विमानाच्या टायरात हवेचा दाब बराच असतो, त्यामुळे फुगवटा जेमतेम दिसतो. बाजारात मिळणाऱ्या रेझिनच्या काही टायरांकडे पाहून पंक्चरच्या दुकानाची आठवण होते. तीच गत स्पिटफायरच्या फ्लॅपची. फोटो-एचचे नाजूक फ्लॅप मिळतात म्हणून लोक ते खाली सोडलेले दाखवतात. उतरल्यावर लगेच फ्लॅप वर घ्यायची वैमानिकांची शिस्त होती, उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप खाली असलेले जुने फोटो शोधून काढावे लागतात. मस्टँगचं मात्र इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिकचा दाब उतरला की फ्लॅप आणि चाकांचे आतले दरवाजे आपोआप लोंबू लागत. एकाच काळातली दोन विमानं, पण उभी राहण्याची ढब वेगळी.

रंगाबद्दल मॉडेलरांत जितके वाद होतात तितके कशाबद्दलच होत नाहीत. खऱ्या विमानाचा रंग डबीत आणून मॉडेलला लावला तर तो गडद दिसतो, हे सगळे मान्य करतात. म्हणून त्यात थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळायचा. कारण म्हणून हवेचा दाखला देतात. दूरचे डोंगर जसे फिके दिसतात तसं हे, असं म्हणतात. मला हे पटत नाही. १/७२चं मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो. ५० सेंटिमीटर धरले तर खऱ्या मापात ते ३६ मीटर झाले. स्वच्छ हवेत ३६ मीटरवरच्या वस्तूचा रंग काय फिका पडणार? खरं कारण उजेडात असावं. विमान उभं असतं उन्हात, जिथे भर दुपारी लाखभर लक्स प्रकाश असतो. मॉडेल असतं दिवाणखान्यात, चार-पाचशे लक्समध्ये. भरपूर उजेडात तोच रंग जास्त खुलतो, हे दृष्टीचं शास्त्र सांगतं. म्हणजे आपण रंगात हवा मिसळत नसून ऊन मिसळतो. कारण कोणतंही धरा, शुद्ध काळा मात्र कुठेच वापरू नये. टायरसाठी गडद राखाडी पुरतो.

पत्र्यांच्या सांध्यांत काळपट वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडून ते उठवण्याची पद्धतही अशीच. १/७२च्या किटवरचा सांधा ०.२ मिलिमीटर रुंद असला तरी खऱ्या मापात तो दीड सेंटिमीटरची भेग होतो. ती काळ्याने भरली की विमान फरशा बसवल्यासारखं दिसतं. ज्या रंगावर वॉश द्यायचा त्याच रंगाची थोडी गडद छटा घेतली तर हे टळतं.

लाकडी जहाजांकडे वळलं की आपल्या मुंबईचा संबंध येतो. ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात उतरली. मलबारच्या सागवानाचं हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळतं. तिचं मॉडेल करायचं तर कोणत्या लाकडाचं? सागाचं, असं कुणीही म्हणेल. पण मुरलेला कारागीर साग घेत नाही. सागाचे तंतू जाड, रेषा ठळक. ४८ पट लहान केलेल्या फळीवर त्या तशाच राहतात आणि फळी फळी न वाटता मोठ्या लाकडाची चीप वाटते. त्यासाठी पेअर किंवा बॉक्सवुड अशी घट्ट, जवळजवळ रेषा न दिसणारी लाकडं लागतात. इंग्लंडच्या आरमारासाठी सतराव्या आणि अठराव्या शतकात जी मॉडेलं केली, पाव इंचाला एक फूट या मापाची, तीही बरीचशी अशाच लाकडांची. त्यांतली अनेक ग्रीनिचच्या संग्रहालयात आहेत, खालच्या भागाला फळ्या न ठोकता बरगड्या उघड्या ठेवलेली. दोरांचंही तेच. शिलाईच्या सुती दोऱ्यावर लव असते, आणि ४८ पटींनी ती हाताच्या बोटाएवढी होते. म्हणून दोरा मेणातून ओढायचा, किंवा लहानशा यंत्रावर बारीक धागे पिळून आपला दोर आपणच वळायचा.

पाणी सर्वांत हट्टी. थेंबाचा आकार लहान होत नाही, म्हणूनच जुन्या सिनेमांतली हौदातली जहाजं लगेच उघडी पडतात. टेबलावरच्या मॉडेलमध्ये समुद्र रेझिनचा किंवा ॲक्रिलिक जेलचा असतो, तिथे थेंबांचा प्रश्न नाही, पण लाटांचा आहे. चालत्या जहाजाच्या कुशीला लागून ज्या लाटा उठतात त्यांचं अंतर जहाजाच्या वेगावर ठरतं. २७ नॉट वेगाला ते सुमारे १२४ मीटर येतं. यामातो २६३ मीटर लांब, म्हणजे पूर्ण वेगात तिच्या कुशीला मोजून दोन लाटा. १/७००मध्ये दोन शिखरांमधलं अंतर साडेसतरा सेंटिमीटरहून थोडं जास्त. ऑक्टोबर १९४१च्या चाचणीत तिचा जो प्रसिद्ध फोटो काढला गेला त्याच्या शेजारी हा हिशोब ठेवून पाहावा. अनेक हौशी मंडळी मात्र जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा लाटा ओळीने उठवतात. मग जहाज कितीही नेटकं असलं तरी ते होडीच्या वेगाने चाललेलं वाटतं.

यामातोच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शरणागतीच्या वेळी जपानने तिचे बरेचसे आराखडे जाळून टाकले आणि फोटोही मोजकेच उरले. १९८५ साली समुद्रतळाशी तिचे अवशेष नक्की सापडले, त्यानंतर मॉडेलांतले तपशील बदलत गेले. कुरे इथल्या संग्रहालयातलं २६.३ मीटरचं, १/१० मापाचं यामातो हेही अशा जुळवाजुळवीतूनच उभं राहिलं.

राहिला चिखल. एके काळी मॉडेल कोरं ठेवणं हाच नियम होता. अमेरिकेत शेपर्ड पेन यांनी १९७०च्या दशकात डायोरामा, म्हणजे मॉडेलभोवती उभारलेला देखावा, लोकप्रिय केला, बेल्जियमच्या फ्रान्स्वा वेर्लिंदेन यांनी ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, कडा उजळून वॉशने खोबणी गडद करण्याची पद्धत घराघरांत नेली, आणि पुढे स्पेनमधल्या मंडळींनी रंगद्रव्याच्या भुकट्या, ऑइल कलरचे ओघळ, स्पंजाने उडवलेले रंगाचे टवके असं सगळं शास्त्रच उभं केलं. परिणाम देखणा असतो, यात वाद नाही. पण गंजाला वेळ लागतो. आघाडीवर महिनाभर टिकलेल्या रणगाड्यावर दहा वर्षांचा गंज चढवलेला पाहिला की वाटतं, मॉडेलर रणगाडा पाहून नव्हे, दुसऱ्याचं मॉडेल पाहून रंगवतोय.

खरा रणगाडा पाहायचा तर महाराष्ट्रातल्या माणसाला लांब जायला नको. अहिल्यानगरला, जुन्या अहमदनगरला, आर्मर्ड कोरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९६५च्या युद्धात हाती लागलेले पॅटन, आपल्या सैन्याने वापरलेले सेंच्युरियन, तमिळनाडूतल्या आवडीला बनलेला विजयंता, सगळे उघड्यावर उभे. फोटोला परवानगी आधी विचारून घ्यावी आणि सोबत मोजपट्टी ठेवावी. ओतीव टरेटचा खरखरीतपणा हाताला किती लागतो, वेल्डिंगची रेघ बोटाएवढी की करंगळीएवढी, पट्ट्याच्या कड्या एका बाजूला किती, हे इथेच कळतं. रंगावर मात्र भरवसा ठेवू नये. संग्रहालयातले रणगाडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रंगवले जातात. त्या थरांखाली बोल्टची डोकीही गुळगुळीत होतात.

शहरातल्याच आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन जपून ठेवलेला आहे. १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यातून लढले आणि एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. युद्धानंतर रणगाडा दुरुस्त केला गेला, त्यामुळे आज उभा आहे तो डागडुजी झालेला फामागुस्ता. १/३५चा सेंच्युरियन बाजारात मिळतो, पण तो या रणगाड्यात बदलायचा तर आधी वेळ ठरवावी लागते. सकाळी चढाईला निघालेला, की गोळे झेललेला? पट्ट्यांना कोणता चिखल, ओला की वाळलेला? बाजूचे पत्रे जागेवर होते की काढलेले? मागच्या बाजूला जवानांचं सामान काय काय बांधलेलं होतं? यातल्या काही प्रश्नांची उत्तरं रेजिमेंटच्या इतिहासात आणि त्या काळच्या फोटोंत मिळतील. उरलेल्या जागा बसंतरच्या इतर सेंच्युरियनचे फोटो पाहून भरायच्या.